बटण फक्त वैजयंतानं दाबायचं

"बटण तुझ्याच हातात राहणार," पाटणकर मॅडम म्हणाल्या. "भीती वाटली की दाबायचं, नाही वाटली तर नाही दाबायचं. एकदा दाबलं की थोडंसं औषध जातं, आणि पुढचं एक मिनिट कितीही दाबलं तरी जात नाही. तुला झोप लागली की हात ढिला पडतो, मग औषध आपोआप थांबतं. म्हणजे तुला आम्ही कुणी झोपवू शकत नाही. कळलं?"

वैजयंतानं मान हलवली. तिचं लक्ष त्या पांढऱ्या बटणाकडं होतं. हातात मावेल एवढं, मागनं वायर निघालेली, वायर जाऊन पंपाला जोडलेली.

"आणि दुसऱ्या कुणी दाबलं तर?" तिनं विचारलं.

"दुसरं कोण दाबणार बाई?" मी हसून म्हटलं. "इथं आहे कोण? मॅडम, हर्षे डॉक्टर, तुझा नवरा आणि मी!"

अठरा वर्षं झाली या गोष्टीला. माझं ते हसणं अजून माझ्या कानात आहे.

मी मालन कोरे. मिरजेत दातांच्या एका खाजगी दवाखान्यात वीस वर्षं सिस्टर होते. हर्षे डॉक्टर दाढा काढायचे, मी त्यांच्या शेजारी उभी राहून तोंडातलं रक्त आणि लाळ नळीनं ओढायची. पाटणकर मॅडम भूलतज्ज्ञ, मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या. तो पंप त्यांनीच आणला होता. पेशंटनं स्वतःच्या हातानं स्वतःची भीती घालवायची, असा त्याचा हिशोब. मॅडमना त्याचं भारी कौतुक. पंपावर कुणी धूळ ठेवली तरी ओरडायच्या.

वैजयंता बावीस वर्षांची, लग्नाला आठ महिने झालेले. खालची अक्कलदाढ हाडात आडवी पडलेली, गाल सुजून टम्म, आत पू. त्याआधी तीनदा खुर्चीवर बसली आणि तीनदा उठून पळाली. तिसऱ्यांदा तर गळ्यातला ॲप्रन तसाच घेऊन रिक्षात बसली. मी चिडले होते, खोटं कशाला बोलू. मग तिच्या नवऱ्यानं, दिगंबरनं, मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "सिस्टर, तिची आई पिशवीच्या ऑपरेशनला आत गेली ती भुलीतनं उठलीच न्हाई. ही अकरा वर्षांची हुती. भाईर डबा घिऊन बसली हुती."

मी ते जाऊन मॅडमना सांगितलं.

म्हणून तर हा पंप. तिला झोपवायचं नव्हतंच, नुसती भीती मऊ करायची होती. तरी तिची एक अट होती, की दिगंबर आत पाहिजे. मॅडमनी बरेच आढेवेढे घेतले, पण शेवटी हो म्हणाल्या. बाहेरच्या बाकावर तिची मावशी बसली होती, आक्कामावशी. आई गेल्यावर पोरगी तिनंच वाढवली. तिचं म्हणणं, दाढेला लवंग लावा, मिठाचं पाणी धरा, पण सुई नको. आणि दिगंबरवर तर तिचा लग्नापासूनच राग. टेम्पो चालवणारा पोरगा, त्यात वैजयंतानं स्वतः पसंत केलेला.

"काय झालं तर तुला सोडायची न्हाई," आत जाताना मावशीनं त्याला सुनावलं. सगळ्यांसमोर.

वैजयंताच्या उजव्या हाताला सलाईन लावलं. डाव्या हातात बटण दिलं. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत हिरवी चादर घातली, दोन्ही हात आत. हर्षे डॉक्टर उजवीकडं, मी डावीकडं. माझ्या मागं, तिच्या गुडघ्याशी, स्टुलावर दिगंबर. मॅडम डोक्याशी, पंपासमोर.

सकाळचे साडेअकरा. खिडकीतनं स्वच्छ ऊन आत आलेलं. भुताखेताची वेळ म्हणतात तसली काहीच नाही.

पहिल्यांदा तिनं घाबरत घाबरत बटण दाबलं. पंप "टिंग" वाजला. थोड्या वेळानं परत टिंग. चौथ्यांदा दाबल्यावर तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "बरं वाटतंय का गं?" मॅडमनी विचारलं. "हूं," ती म्हणाली. हर्षे डॉक्टरांनी हिरडीत बधिर करायचं इंजेक्शन दिलं, ती हललीसुद्धा नाही. मी उजव्या हातात नळी धरली आणि डावा हात चादरीवरनं तिच्या मुठीवर ठेवला. ते मी सगळ्यांनाच करायची. हर्षे डॉक्टर मला चिडवायचे, "कोरे सिस्टरांना पाळणाघरात नोकरी द्या, मोठ्या मिशावालेपण झोपवतील."

मग ड्रिल सुरू झालं. हाड कापायचं म्हणजे घरघर किती, विचारू नका. टिंग ऐकू येईना. मॅडम पंपावरचा आकडा बघत होत्या.

"किती झाले?" हर्षे डॉक्टरांनी ओरडून विचारलं.

"बारा. बरीच दाबतेय. घाबरलीय."

"जास्त नाही ना होत?"

"दाबतेय म्हणजे जागी आहे," मॅडम म्हणाल्या. "झोपलेला माणूस बटण दाबत नाही."

बरोबरच होतं की. मीही मनात म्हटलं, दाब बाई, घाबरू नकोस.

तेवढ्यात तिच्या घशातनं आवाज आला. तोंड उघडं धरलेलं, जिभेवर कापूस, तरी शब्द कळला. "आई."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण ती वेदनेनं ओरडली नव्हती. दारात कुणी आल्यावर ओळखून हाक मारावी, तशी म्हणाली होती.

आणि मॉनिटरचा सूर खाली उतरायला लागला. त्या यंत्राचं असं आहे, रक्तातला प्राणवायू कमी झाला की त्याची टूं टूं हळूहळू जाड होत जाते. हर्षे डॉक्टरांनी ड्रिल थांबवलं. खोलीत एकदम शांतता आणि त्या शांततेत तो उतरता सूर. मी तिच्या ओठांकडं बघितलं. निळे पडले होते. छाती हलत नव्हती.

मॅडमनी एका झटक्यात माझा हात बाजूला सारून चादर ओढली. आत तिची मूठ कधीच सुटली होती. बोटं उघडी आणि बटण तळहातावर उताणं पडलेलं. पंपावर शेवटचा आकडा पंधरा.

"ही तर केव्हाची झोपलीय!" मॅडम किंचाळल्या. "मग दाबलं कुणी?"

पण थांबायला वेळ कुणाला होता? त्यांनी तिची हनुवटी वर उचलली, मी श्वासाची नळी घातली, मास्क लावला, फुगा दाबायला सुरुवात केली. "वैजयंता! श्वास घे! वैजयंता!" मॅडम ओरडत होत्या, हर्षे डॉक्टर ओरडत होते, मी ओरडत होते. दिगंबर भिंतीला चिकटून उभा. त्याच्या तोंडातनं अक्षर फुटत नव्हतं.

दोन मिनिटं असतील, फार तर अडीच. मग छाती आपणहून वर आली. एकदा, मग परत एकदा. सूर वर चढला. मी खुर्चीचा कठडा धरला.

अर्ध्या तासानं तिनं नीट डोळे उघडले. टाके घालून झाले होते, दाढ वाटीत पडली होती. बाजूच्या खोलीत मावशी तिच्या उशाशी बसली होती. गालात कापूस कोंबलेला असताना वैजयंता म्हणाली, "मावशे, आई आलती. मला थोपटत हुती."

मावशीनं दोन्ही हात जोडले. "आली म्हणूनच वाचलीस गं माझे बाये."

दिगंबर दारात उभा होता. हर्षे डॉक्टर घाईत होते, बोलून गेले, "वाचली हे नशीब. कुणीतरी दुसऱ्यानं बटण दाबलं, त्याशिवाय होणार नाही." डॉक्टर पुढच्या पेशंटकडं निघून गेले. मावशी मात्र उठली.

"आत दुसरा कोण हुता?"

मग ती माझ्याकडं वळली. "बाई, तुमी बाजूलाच हुता. खरं सांगा, पोटच्या पोरीची आण हाय. ह्येचा हात कुठं हुता?"

मी खरंच सांगितलं. "तिच्या गुडघ्यावर. चादरीखाली."

दिगंबरनं माझ्याकडं बघितलं. ती नजर मी विसरायची म्हटलं तरी विसरणार नाही. "मावशी, मी नुसता हात ठिवला हुता..." तो म्हणाला, पण मावशीनं त्याला पुढं बोलूच दिलं नाही. तशीच रिक्षा करून ती पोरगीला आरगच्या पलीकडं आपल्या गावाला घेऊन गेली. जाताना दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून सांगून गेली, "शुक्रवारी पोलिसात जाणार. आणि नांदायला ही पोरगी परत येणार न्हाई. मी जिवंत असंपातुर न्हाई."

तो मंगळवार होता. बुधवारी कंपनीचा माणूस आला, त्यानं पंप उघडून तपासला. ठणठणीत. वायर ठीक, बटण ठीक. दवाखान्यात कुजबूज सुरू झाली. झाडूवाली म्हणाली, आईच आली होती न्यायला, आईच दाबत होती. रिसेप्शनवरची म्हणाली, छे, नवराच, आजकाल काय भरवसा. मला दोन्ही खरं वाटायचं. रात्री डोळा लागला की चादरीखाली कुणाचा तरी हात वळवळायचा, पण तोंड दिसायचं नाही. आणि दिगंबर? तो दोन दिवस दवाखान्याच्या फाटकासमोर टेम्पो लावून नुसता बसून होता. भाडं घेत नव्हता, जेवत नव्हता. मी चहा पाठवला तर तोही तसाच परत.

गुरुवारी दुपारी मॅडमनी मला बोलावलं. त्यांचा वार नव्हता तरी आल्या होत्या. टेबलावर कागदाची लांब पट्टी पसरलेली. पंपात प्रत्येक दाब नोंदला जातो, औषध गेलं असो वा नसो, सेकंदासकट.

"बसा सिस्टर. हे बघा. पहिले सहा दाब तिचे. मध्ये दीड मिनिट, दोन मिनिटं, कधी अडीच. घाबरलेला माणूस दाबतो तसे. मग तीन मिनिटं काहीच नाही. तेव्हाच झोपली ती. आणि मग हे सुरू झालं." त्यांनी बोट पट्टीवरनं खाली नेलं. "एकशे बारा वेळा. औषध त्यातलं नऊ वेळाच गेलं, मिनिटाच्या कुलपामुळं. म्हणून तर पोरगी वाचली. पण मला कळत नाही ते वेगळंच आहे. कुणाला मारायचं असेल तर तो असा दाबेल का? ऐका."

त्यांनी पेन उचललं आणि पट्टीवर नजर ठेवून टेबलावर वाजवलं.

टक टक. टक. मग जरा थांबून, टक टक. टक.

"सगळं असंच आहे. दोन लागोपाठ, एक सावकाश. एकदाही चुकलेलं नाही. असं कोण दाबतं हो?"

टक टक. टक.

माझा डावा हात मांडीवर होता. मी खाली बघितलं. तो हलत होता. मॅडमच्या पेनाबरोबर, पदरावर, आपल्याआपण. दोन लागोपाठ, एक सावकाश. माझी रेवा तान्ही असताना मी तिला असंच थोपटायची, आणि ती बारा वर्षांची झाली तरी ताप आला की असंच मागायची. सगळ्या पेशंटना मी असंच थोपटलं होतं. इतकी वर्षं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

मॅडमचं पेन थांबलं. त्याही माझ्या हाताकडंच बघत होत्या.

"अरे देवा," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

मला रडूसुद्धा येईना. मी त्या हाताकडं बघत होते आणि तो माझा वाटत नव्हता. तिची मूठ सुटल्यावर त्याची प्रत्येक थाप चादरीवरनं थेट बटणावर पडली होती. त्यानं एका पोरीला मरणाच्या दारापर्यंत थोपटत नेलं होतं आणि मला पत्ता नव्हता. वर मी एका गरीब पोराचा हात कुठं होता ते शपथेवर सांगून मोकळी झाले होते. माझा हात कुठं होता ते मला कुणी विचारलं नाही, आणि मीही नाही.

"मॅडम, आता काय करायचं?"

त्यांनी उठून दार लावलं. "पोरगी वाचलीय," त्या म्हणाल्या. "तुमची नोकरी, तुमचं रजिस्ट्रेशन... तुम्ही काही बोलला नाहीत तर हे कागद कुणी मागणार नाही."

"आणि तो बाहेर बसलाय तो?"

मॅडमनी पट्टीची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "जा. आणि माझंही नाव सांगा. मी आकडा बघत बसले, पोरगीकडं बघितलं नाही. झोपलेला माणूस बटण दाबत नाही म्हणे! मीच म्हटलं होतं."

मी फाटकाबाहेर गेले आणि टेम्पोत जाऊन बसले. दिगंबरला म्हटलं, चल, आरगकडं घे. त्यानं का म्हणून विचारलं नाही. म्हैसाळ फाट्याच्या पुढं गेल्यावर मी सगळं सांगितलं. त्यानं टेम्पो रस्त्याकडेला घेतला, स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि लहान पोरासारखा रडला.

"म्हंजी मी न्हाई ना?" तो म्हणाला. "सिस्टर, दोन दिस माझाच हात बघतुया. वाटाय लागलं, माझ्याच हातनं झालं असंल आन् मला कळलं न्हाई."

मला म्हणावंसं वाटलं, लेकरा, तसं होतं खरं. झालंय. पण मी नुसता डावा हात पदराखाली घेतला.

मावशीच्या अंगणात द्राक्षाच्या पेट्या रचलेल्या होत्या. दिगंबरला बघून ती विळा घेऊनच उठली. मी मध्ये उभी राहिले. "मावशी, मारायचं तर मला मारा. बटण मी दाबलं." आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पट्टी दाखवली. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून पेटीच्या फळीवर वाजवून दाखवलं.

तिचा विळा हळूहळू खाली गेला. मग तिनं मला अशा शिव्या दिल्या की माझ्या सासूनं जन्मात दिल्या नसतील. मी ऐकून घेतल्या. देणारीचा हक्कच होता. शिव्या संपल्यावर ती पायरीवर मटकन बसली. दिगंबरकडं न बघता म्हणाली, "उपाशी हाईस न्हवं? भाकरी हाय आत."

त्या घरची माफी त्याहून मोठी नसते, हे त्यालाही कळलं. तो चपला काढून आत गेला.

वैजयंता दाराच्या चौकटीला टेकून सगळं ऐकत होती. गालाची सूज निम्म्यावर आली होती. मी तिच्यासमोर हात जोडले तर तिनं ते धरून खाली केले. रागावली नव्हती. पण तोंड असं उतरलेलं, की मी तिची आई दुसऱ्यांदा नेल्यासारखं मला वाटलं.

"म्हंजी आई न्हवती," ती म्हणाली. "तुमीच हुता."

"मीच गं."

"थोपटून दाखवा."

तिनं मूठ पुढं केली. माझा हात उचलेना. शेवटी तिनंच माझं मनगट धरून आपल्या मुठीवर ठेवलं. मी थोपटलं. दोन लागोपाठ, एक सावकाश. तिनं डोळे मिटले.

"ह्योच हात," ती म्हणाली. "ह्योच. लई ग्वाड वाटत हुतं. असं वाटलं, आता उठायचंच न्हाई." मग डोळे न उघडताच तिनं विचारलं, "पर मग 'बायडे ऊठ, गाडी चुकंल' असं कोन म्हनालं?"

"काय?"

"मला शाळंला उठवताना आई म्हनायची तसंच. 'बायडे, ऊठ, गाडी चुकंल.' दोनदा म्हनाली. दुसऱ्यांदा रागावून. म्हणून मी उठले."

आतनं दिगंबर घास हातात तसाच धरून बघत होता. "बायडी कोन?" त्यानं विचारलं. त्याला ते नाव माहीतच नव्हतं.

मावशी पायरीवरनं म्हणाली, "तिची आई म्हनायची. ती गेल्यापासनं त्या नावानं कुनी हाक न्हाई मारलेली. मीबी न्हाई."

त्या खोलीत आम्ही तिघं गळा फोडून ओरडत होतो, पण वैजयंता म्हणून. बाहेरच्या बाकावरच्या मावशीला आतलं काही ऐकूसुद्धा गेलं नव्हतं. मी मनातल्या मनात सगळ्यांचे आवाज परत परत आठवून बघितले. अजूनही बघते.

वैजयंता त्याच टेम्पोतनं नांदायला परत गेली. पोलिसात कुणी गेलं नाही. माझी नोकरीही राहिली, फक्त पंपावर मॅडमनी मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली, आणि मी दोन्ही हातांनी नळी धरायला शिकले. त्यानंतर एकाही पेशंटला थोपटलं नाही.

आता रेवाची पोरगी माझ्याजवळ असते. तिला झोपवताना मी हात पदरात गुंडाळून बसते. पोरगी कुरकुरते, माझे हात शिवशिवतात, पण नाही म्हणजे नाही. ती आपणहून झोपते. आणि झोपली, श्वास संथ झाला, की मला राहवत नाही. मी वाकून तिच्या कानाशी हळूच हाक मारते. तिचं नाव ओवी आहे, तरी माझ्या तोंडात येतं ते बायडीच.

ती झोपेतच हूं म्हणते. मग मी दिवा मालवते.